जाळीआडचे एकवीस दिवस

माझ्या व्याह्यांइतका छळवादी सज्जन माणूस मुलुंडपासून मालाडपर्यंत शोधून सापडणार नाही. हे मी रागाने म्हणत नाही, अनुभवाने म्हणतो. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला, जुन्या बैठ्या घरांची एक रांग अजून शिल्लक आहे. तिच्यातल्या शेवटच्या घरात माझी लेक शिल्पा सून म्हणून गेली, आणि त्या घराच्या परसात व्याह्यांच्या अकरा कोंबड्या राहतात. माणसाने कोंबड्या पाळाव्यात, अंडी खावीत, माझी काही हरकत नाही. पण व्याही कोंबड्या पाळत नाहीत, ते त्यांचा संसार लावतात. अकराच्या अकरा एका जातीच्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. यांना प्रत्येक जातीची एकेक, फार तर दोन हव्यात, आणि त्या सगळ्यांनी एका खुराड्यात गुण्यागोविंदाने नांदायला हवं. तसं त्या नांदत नाहीत, म्हणून व्याही दिवसभर मध्यस्थी करत फिरतात.

प्रत्येकीचा स्वभाव त्यांना तोंडपाठ आहे, आणि समोर चहा ठेवला की तो ऐकवल्याशिवाय ते तुम्हाला पहिला घोट घेऊ देत नाहीत. काळी कडकनाथ भित्री. घरात पातेल्याचं झाकण पडलं तरी ती शेजाऱ्यांच्या पत्र्यावर जाऊन बसते. असील मानी, तिच्याआधी कुणी दाणा टिपला तर ती दाणा सोडून टिपणारीलाच धरते. तांबडी विलायती खादाड आणि दांडगी. ब्रह्मा अंगापिंडाने सगळ्यांत थोर, पायांतसुद्धा पिसांचे मोजे, पण इतकी गरीब की चिमणीलाही वाट देते. कोंबड्यांपुरतं हे ठीक होतं, पण व्याह्यांनी ही वर्गवारी माणसांनाही लावून टाकली आहे. त्यांच्या बँकेतला कॅशिअर कडकनाथ, म्हणून त्याच्या खिडकीशी ते न खोकता जातात. शिल्पाच्या लग्नात माझ्या थोरल्या भावाला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "असील. पयली पंगत तेंची." मला संताप आला. तरीही दादाला पहिल्या पंगतीत बसवलं म्हणूनच ते लग्न धड पार पडलं, हे कबूल करावं लागतं.

लग्नाची बोलणी करायला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हाचीच गोष्ट. तारीख ठरत होती, माझी बायको पंचांग उघडून बसली होती, आणि ऐन मोक्याला परसात कलकलाट झाला. व्याही उठले ते थेट मागे पळाले. आम्ही पाचसहा मिनिटं विहीणबाईंकडे आणि विहीणबाई आमच्याकडे बघत बसलो. मग हे आले ते काखेत एक कोंबडी घेऊन, आणि तिला तशीच मांडीवर धरून त्यांनी उरलेली बोलणी पूर्ण केली. कोंबडी अधूनमधून माझ्या बायकोच्या पंचांगाकडे मान वळवून बघत होती. परत येताना मी रिक्षात बडबडत होतो की या घरात पोरगी द्यायची नाही. बायको म्हणाली, "अहो, कोंबडी किती हळुवार धरली होती ते बघितलंत का? देऊ या." आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा असायचा, त्यामुळे दिली.

पण व्याह्यांचा खरा छळ बघायचा तर घरात नवी कोंबडी येते तेव्हा बघावा. नवीला ते थेट कळपात सोडत नाहीत. आणायची ती जोडीने, एकटी कधीच नाही. मग एकवीस दिवस त्या दोघींना परसातच जाळीच्या पलीकडे ठेवायचं. त्यांचं पाणी वेगळं, दाणे वेगळे, बसायची दांडी वेगळी. जाळीतून दोन्ही पक्षांनी एकमेकांना नुसतं बघायचं. सगळ्यांना करमावं म्हणून मधोमध एक कोबीचा गड्डा सुतळीने टांगायचा. या काळात व्याही स्वतः रोज संध्याकाळी जाळीशी स्टूल टाकून बसतात, काही बोलत नाहीत, नुसते असतात. बाविसाव्या दिवशी जाळी काढायची आणि दोन दिवस घर सोडायचं नाही. मुलाच्या म्हणजे आमच्या जावयाच्या ऑफिसातल्या सत्कारालाही ते गेले नव्हते, कारण तो तेविसावा दिवस होता.

एकदा मी त्यांच्याकडे गेलो असताना दोन नव्या सिल्की आलेल्या होत्या. सिल्की म्हणजे पिसांऐवजी कापूस फुटलेली कोंबडी. डोळ्यांवर झुलपं असतात, त्यामुळे आपल्याला कोण मारतंय हेही तिला कळत नाही. व्याही कणी आणायला बाजारात गेलेले. त्या दोघी जाळीला छाती लावून पलीकडे बघत होत्या. मला दया आली आणि मी जाळीचं दार उघडलं. पुढचं सांगवत नाही. विलायतीने एकीचं डोकं रक्तबंबाळ केलं, आणि असील दुसरीला घेऊन न्हाणीघरात शिरली. व्याही आले. त्यांनी जखम धुतली, हळद लावली, कोंबडीला टोपलीखाली झाकलं. मी चार वेळा माफी मागितली. शेवटी मी निघताना म्हणाले, "व्याहीबुवा, घाई केलास तुम्ही." एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी बायको गेली. मी मालाडच्या जागेत एकटा राहू लागलो. एकदा दूध गॅसवर ठेवून विसरलो, पातेलं जळालं, शेजाऱ्यांनी शिल्पाला फोन केला. तिने ठरवून टाकलं की बाबांनी आता मुलुंडला यायचं. आमच्याकडे लेकीच्या सासरी बाप राहायला जात नाही. चार दिवस पाहुणा म्हणून जाणं वेगळं, कपाटात कपडे लावणं वेगळं. मी खूप टाळलं. पण तिकडे मालाडला दुपारी घड्याळाचा आवाज ऐकू यायचा, तो मला सोसेना. शेवटी एक बॅग भरली आणि गेलो. मनातून मी फार घाबरलेलो होतो. या घरात मी ओझं झालो तर परत जायला मालाडचं ते रिकामं घरच होतं.

व्याह्यांनी दारात माझी बॅग घेतली आणि ती आतल्या खोलीत न नेता पुढच्या पडवीत ठेवली. पडवीला ग्रिल, तिथे एक खाट, एक टेबल. टेबलावर माझा वेगळा तांब्या, वेगळी साखरेची बरणी, चहाची वेगळी किटली, आणि शब्दकोडं असलेलं एक जादा वर्तमानपत्र. जेवण मला पडवीतच. बाकी सगळे आत स्वयंपाकघरात जेवायचे, मधलं दार उघडं, मला ते दिसायचे, मी त्यांना दिसायचो. संध्याकाळी पाचला व्याही दारापलीकडे स्टूल टाकून बसायचे. मी काही विचारलं तर "व्हय" नाहीतर "नाय". पंधरावीस मिनिटं बसायचे आणि उठून जायचे. तुम्ही हसत असाल. मला तेव्हा काही कळलं नाही. माणूस अपमानाच्या जागी उभा असला की त्याला फक्त अपमानच दिसतो. शिल्पा सकाळी आठला कामावर जायची, रात्री आठला यायची, तिला वाटायचं बाबांनाच एकांत हवाय. मी तिला काही बोललो नाही. बाराव्या दिवशी रविवार होता. मी बॅग भरली आणि तिला म्हणालो, "मी जातो गं. यांना मी नकोय."

"बाबा, तुम्ही ना, उगाच मनाला लावून घेता," ती म्हणाली. पण बॅग बघून तिचा चेहरा उतरला. ती तडक परसात गेली. मी मागोमाग गेलो. "अण्णा, बाबा चाललेत," ती सासऱ्यांना म्हणाली. "तुम्ही त्यांना बाहेर का ठेवलंय?"

व्याही खुराडं झाडत होते. झाडू तसाच हातात. माझ्याकडे बघून अगदी गोंधळून म्हणाले, "अजून नऊ दिवस आसत."

 मग विहीणबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या लग्नाच्या वेळी कोंबड्या नव्हत्या, म्हणून मी सुटले," त्या म्हणाल्या. मी ओरडलोच. अहो, निदान सांगायचं तरी. तर व्याही म्हणाले, "सांगान काय होता? कोंबडेक सांगतंय काय मी?" आणि ते शब्दकोडं कशाला, असं विचारलं तर शांतपणे म्हणाले, "तो तुमचो कोबी."

 तेव्हा त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि एक गोष्ट सांगितली, जी शिल्पाला आणि विहीणबाईंनाही ठाऊक नव्हती. नऊ वर्षांचे असताना त्यांना मालवणहून लालबागला काकांच्या खोलीत पाठवलं. खोलीत सात चुलतभावंडं. बोटीवरून उतरवलं आणि थेट त्यांच्यात सोडलं. कुठे बसायचं, कुठल्या ताटात जेवायचं, कुणाशेजारी झोपायचं, काहीच माहीत नव्हतं. महिनाभर ते दाराशी उभ्याने जेवले. "कोणी मारूक नाय माका," ते म्हणाले. "पण माझी जागा खंय, ता कोणीच सांगूक नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही सिल्की आसात, व्याहीबुवा. आणि एकटेच इलात. जोडीन येवक व्हया होता."

 मी बॅग उचलून परत पडवीत ठेवली आणि उरलेले नऊ दिवस तिथेच काढले. शिल्पा म्हणत होती आत या, मी गेलो नाही. त्या माणसाचा हिशेब मोडायची माझी हिंमत झाली नाही.

बाविसाव्या दिवशी दुपारी व्याह्यांनी मधल्या दाराला खुर्ची लावून ते उघडं अडकवून टाकलं आणि मला स्वयंपाकघरात, खिडकीशेजारी, पाट दिला. सुट्टी घेऊन स्वतः घरी थांबावं तसे ते सकाळपासून कुठे गेले नव्हते. पहिला घास घेतला आणि मला उकडायला लागलं, म्हणून मी उठून पंखा पाचवर केला. व्याह्यांनी उठून दोनवर केला. आमटी थंड होते म्हणे. मी पुन्हा पाचवर केला. "ता मालाडाक," ते ओरडले. "हय चलाचा नाय." मीही ओरडलो. मी काय काय बोललो ते आठवत नाही. जाळी, कोबी, सगळं काढलं. तेही मागे हटले नाहीत. विहीणबाई वाटी हातात धरून उभ्या राहिल्या. पाच मिनिटांनी दोघांचाही दम संपला तेव्हा व्याह्यांचा चेहरा चांगला खुललेला होता. "झाला," ते विहीणबाईंना म्हणाले. "लागले कळपाक."

बायको गेल्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. त्या चौदा महिन्यांत सगळे माझ्याशी फार जपून बोलत. शेजारी, दादा, शिल्पा, जावई, सगळ्यांचा आवाज माझ्यासमोर खाली यायचा. माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं, आणि मी ज्याच्यावर ओरडावं असं कुणी उरलं नव्हतं. आमचं घर पंख्यावरूनच भांडणारं. बायकोलाही तो दोनवर हवा असायचा. मग मी उठून पंखा तीनवर आणला, बसलो, आणखी एक भाकरी मागून घेतली. जेवण झाल्यावर पडवीत गेलो, खाटेवर बसलो आणि थोडा वेळ रडलो. माझ्यामागे कुणी आलं नाही. आत व्याही भांडी आवरणाऱ्या विहीणबाईंना सांगत होते की आजपासून पंखा तीनवर राहील.