एक पक्का, आठ फिरते

शेतातून घरी येताना धोतराला कुसळं चिकटतात. ती काही कोणी मागून आणलेली नसतात. आमच्या कबड्डी कमिटीचे किस्से तसेच. एक उपटायला जावं तर दुसरं बोटाला टोचतं! यंदा मात्र एक कुसळ असं खोल गेलं होतं, की हसता हसताही टोचत होतं.

आधी खेळ समजून घ्या, मग मधेच 'काका, हे काय?' म्हणून हात वर करू नका. मी सातवी नापास आहे. मला समजलं म्हणजे तुम्हाला समजेलच.

मालेगावच्या आसपासची आमची दहा गावं. सोयाबीन घरात आलं की दर रविवारी सामने. प्रत्येक गावाला एक पक्का वैरी. त्याच्याशी दर साली सामना, एक साल आपल्या मैदानावर, एक साल त्याच्या. उरलेली आठ गावं फिरती. चार यंदा, चार पुढच्या साली. म्हणजे दोन सालांत सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडते, पक्क्याशी मात्र दोनदा.

आमचं गाव बाभूळवाडी. आमचा पक्का वैरी टेंभरी, नाल्याच्या पलीकडची. आणि यंदा नियम निघाला: पक्क्या सामन्याला जे गाव सात गडी उभे करणार नाही, ते गाव कमिटीतून बाहेर. टेंभरीची पोरं सगळी पुण्याकडं कंपनीत! सात कुठून आणणार? टेंभरी गेली म्हणजे आमचा वैरी गेला. या वयात माणसानं नवीन वैरी शोधत कुठं हिंडावं, बाप्पा?

*

वेळापत्रक आम्ही आधी चपलांवर काढत होतो. हसू नका!

मालेगावात एका चहाच्या हॉटेलामागं अंगण आहे, तिथं मीटिंग. दहा गावचे दहा जण. प्रत्येकानं एक चप्पल काढून द्यायची. पाच-पाचच्या दोन रांगा. समोरासमोर आल्या त्या चपलांचा सामना. पहिली मांडणी पक्क्यांची. मग एक चप्पल जागेवर ठेवायची अन् बाकीच्या गोल गोल एकेक घर सरकवायच्या. आठ वेळा सरकवल्या की दोन सालांचं वेळापत्रक तयार. ना कागद, ना पेन्सिल. नुसता वास!

एकदा ऐन मांडणीत डोंगरवाडीच्या रामरावला घरून फोन आला. म्हैस अडली. रामराव असा उठला, की समोर दिसल्या त्या दोन चपला पायात घातल्या, गाडीला किक मारली अन् गेला!

आम्ही रांगेकडं पाहतो तर आठच गावं!

"धरा त्याले! दोन गावं पायात घालून चालला!" टेंभरीचा सलीम टेलर एका पायावर उभा राहून ओरडायला लागला.

मी फोन लावला. "रामराव, तुमच्या पायात गावं हायत!"

"कोनती?"

"डाव्यात खडकगाव, उजव्यात टेंभरी!"

तिकडं गाडीला कचकन ब्रेक लागला. मग रामराव म्हणतो, "खडकगाव राहू द्या काका, बरोबर बसलं. टेंभरी मले चावून राह्यली, ते आनून देतो!"

*

हे पक्के वैरी ठरले कसे, तेही ऐका.

कमिटी सुरू झाली तेव्हा ठरलं, प्रत्येक गावानं आपल्याला कोण पाहिजे ते चिठ्ठीवर लिहून द्यावं. आता गावागावातून मिशीला पीळ देत आलेले पहेलवान! 'कोनीबी द्या, आमाले फरक नाई पडत' असं म्हणत, आडोशाला जाऊन चिठ्ठ्या लिहिल्या.

चिठ्ठ्या उघडल्या. एकूणएक गावानं टेंभरी लिहिलेली! कारण टेंभरी सगळ्यांत लहान, सगळ्यांत कच्ची. आमच्या बाभूळवाडीनंही तेच लिहिलं होतं. तेव्हा आम्ही दहा गावांत पहिले होतो, तरी आम्हीसुद्धा! भेकड लेकाचे!

एकट्या टेंभरीची चिठ्ठी निराळी. सलीमचा बाप, हुसैनचाचा, त्यानं लिहून दिली होती. तिच्यावर नाव: बाभूळवाडी.

मी म्हटलं, "चाचा, सबसे तगड़ा गाव मागतलं तुमी?"

चाचा दाढीतून हसला. "हारनाच है तो ढंग के आदमी से हारेंगे. आन् एखादं साल जितलो, तर तुमाले आयुष्यभर तोंड दाखवता येनार नाई!"

त्यांनी आम्हाला मागितलं, आम्ही त्यांना. तिथंच जोड पडली. पुढं चाचा गेला, पण त्याच्या आधी आम्हाला दोनदा तोंड लपवायला लावून गेला. एका साली तर मी आठ दिवस मालेगावच्या बाजारात डोक्यावरून रुमाल घेऊन फिरलो!

*

मग कमिटीत नवा सेक्रेटरी आला, पंकज. मालेगावात त्याचा कॉम्प्युटर क्लास. पोरगा हुशार, पण चपलांचं नाव काढलं की नाकाला रुमाल. म्हणे, "काका, आता सॉफ्टवेअर करन हे काम. दोन सेकंदात."

केलं खरंच दोन सेकंदात! एक पक्का, चार फिरते, सगळं बरोबर. रंगीत कागद. फक्त आमचा फिरता सामना पडला खडकगावात, रविवारी. खडकगावचा रविवार म्हणजे आठवडी बाजार, अन् बाजार भरतो मैदानातच. तिथले सामने तेवढे शनिवारी, हे दहा गावच्या शेंबड्या पोराला माहीत. लॅपटॉपला कोण सांगणार?

आम्ही पोचलो तर मैदानभर दुकानांची पालं. बाजूच्यांनी कसंबसं सामान सरकवलं. एक कांदेवाली म्हातारी मात्र बरोबर मध्यरेषेला बसलेली, उठायला तयार नाही. शेवटी तिच्यासकट सामना सुरू!

आमचा कॅप्टन प्रकाश, एसटीत कंडक्टर आहे, चढाईला गेला. वळताना त्याचा हात कांद्याच्या ढिगाला लागला, चार कांदे गडगडत रेषेबाहेर. प्रकाश परत आला अन् बोट वर करून गुण मागायला लागला!

पंचानं शिट्टी वाजवली. "कांद्याले शिवला. गुन नाई."

म्हातारीनं कांदे गोळा केले नाहीत. पंचाकडं पाहून म्हणते, "ते चार बाद धर बाप्पा, बसव बाहेर. बाकीच्याईले खेळू दे. पन मले उठवू नको!"

पंकजचं हसं झालं. आणि हसं झालेला सेक्रेटरी नियम काढतो. महिन्याभरात त्यानं टाइप करून आणलं: सात गडी, नाहीतर गाव बाहेर. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. कोणता नियम आहे ते न ऐकता केला! घरी आल्यावर समजलं की हा फास कोणाच्या गळ्याला बसणार. मग रात्री कूस बदलत राहिलो.

*

सामन्याला दोन आठवडे होते. मला राहवेना. गाडी काढली अन् टेंभरीत सलीमच्या दुकानी गेलो. वर वर म्हटलं, "पायजमा शिवाचा हाय." खरं म्हणजे मला मुंडकी मोजायची होती.

सलीमनं मशीनच्या वर खडूनं सात नावं लिहिलेली. मी बसलो तेवढ्यात फोन वाजला. सलीमनं 'हाव... हाव...' केलं अन् एक नाव पुसलं. विक्कीचं. चाकणच्या एका कंपनीत असतो, चढाईत वाघ. सुट्टी नाही.

सहा!

सलीम सुईत दोरा ओवायला लागला, अन् तो काही ओवल्या जाईना.

मी म्हटलं, "नंबर दे त्याच्या सुपरवायझरचा." लावला फोन. आवाज एकदम पाडला, "साहेब, विक्कीचा आजा वारला. त्याले धाडून द्या."

दुकानाच्या ओट्यावर विक्कीचा आजा, किसनआबा, चांगला बिडी ओढत बसलेला. तो दचकला. "मी? केव्हा?"

"चूप बसा आबा!" मी डोळे वटारले.

तिकडून साहेब शांतपणे म्हणतो, "काका, या मुलाचे आजोबा पोळ्याला गेले. दसऱ्याला गेले. दिवाळीला तर दोनदा गेले."

आबा ओट्यावरून ओरडला, "मंग तेरवीची तरी सुट्टी बाकी असन ना, विचार त्याले!"

मी हसलो, सलीमही हसला. पण मशीनच्या वर नावं सहाच होती. निघताना सलीम म्हणतो, "काका, अब्बा ज्या जागेवर उभे राहत, तेथं पुढच्या साली हिवरवाडीचा झेंडा लागन का हो?" मी गाडीला किक मारली. एक, दोन, तीन, चार. गाडी सुरू होईना. चावीच लावली नव्हती.

*

ही हिवरवाडी कोण, ते सांगायचं राहिलं. कमिटीत शिरायला टपून बसलेलं अकरावं गाव. जागा मोकळी झाली तरच त्यांना प्रवेश.

त्यांचा महादू माझ्या घरी आला, पेढ्याचा डबा घेऊन. इस्त्रीचा शर्ट, हात जोडलेले. "काका, टेंभरीचं काही खरं नाई. पुढच्या सालापासून तुमचा पक्का वैरी आमीच होऊ. तुमाले तक्रारीले जागा देनार नाई."

मी म्हटलं, "बरं. भांडता येते काय?"

"जी?"

"समजा पंचानं तुमच्या इरुद्ध निकाल देला. काय करसान?"

महादू विचार करून म्हणतो, "शांतपने बसून मार्ग काढू."

"मले एक शिवी देऊन दाखवा पाहू."

तो लाजला. "कायले काका, तुमी मोठे मानूस..."

पेढे खाल्ले मी. गोड होते. पण असा वैरी काय चाटायचा?

घरात प्रकाश ऐकत बसला होता. महादू गेल्यावर म्हणतो, "काका, सलीम सहा घेऊन आला, तर आपल्याले न खेळता गुन भेटतीन."

"हाव."

"मले नाई पाह्यजे," प्रकाश म्हणाला, अन् डब्याचं झाकण लावून टाकलं.

*

आला तो रविवार. सामना यंदा आमच्या मैदानावर.

टेंभरीची पोरं नाला ओलांडून चालत आली. पुढं सलीम, गळ्यात टेप तसाच. मी लांबूनच मोजलं. सहा. परत मोजलं. सहा. सलीमही मागं वळून वळून मोजत होता. मोजून पोरं वाढत असती तर आमच्या तालुक्यात एवढी गावं ओस पडली असती काय?

पंकज घड्याळ पाहत उभा. "पाच मिनिटं." एका बाजूला हिवरवाडीचा महादू, नवीन जर्सी घातलेली सात पोरं घेऊन. म्हणे, नुसतं पाहायला आलो. प्रकाश खाली बसून गुडघ्याला पट्टी बांधत होता. बांधायचा अन् सोडायचा, बांधायचा अन् सोडायचा.

"दोन मिनिटं."

सलीमनं गळ्यातला टेप काढून खिशात घातला.

ज्या मैदानावर आयुष्यभर लोकांची थट्टा केली, त्याच मैदानावर मला एकही थट्टा सुचेना! मग मी सदरा काढला. बनियन अन् पायजम्यावर मधली रेषा ओलांडली, अन् टेंभरीच्या रांगेत, शेवटी जाऊन उभा राहिलो.

पंकज धावत आला. "काका, तुमी बाभूळवाडीचे! नियमात लिवेल हाय, गावचा मानूस पाह्यजे!"

"मी टेंभरीचा जवाई हाय. चाळीस सालापासून."

"जवाई कसा चालन?"

आता सलीमला वाचा फुटली. "काहून? जवाई मानूस नसते काय?"

मैदान हसलं. पंकजनं कागद उलटा केला, सुलटा केला. त्याच्या छापील नियमात जावयाबद्दल काहीच नव्हतं. शेवटी बोटानं मोजत आला अन् माझ्या छातीपाशी थांबला. "सात," म्हणाला, अन् शिट्टी फुंकली. महादूची पोरं खाली बसली.

सलीम कानात म्हणाला, "काका, कोपऱ्यात फक्त उभे राहा." पण त्याची पोरं एकामागं एक बाद होत गेली, अन् चढाईची पाळी आली माझ्यावर!

गेलो. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. समोर प्रकाश अन् त्याची पोरं अर्धगोल करून उभी. कोणीच पुढं येईना. ज्याला काका म्हणतो, ज्याचे गुडघे वाजतात, त्याला धरायचं कुठून? माझा दम चालला होता संपत.

आमची घरवाली शांता, टेंभरीची लेक, माहेरच्या बायांत बसली होती. ती उठली. पदर खोचला. सगळ्यांच्या देखत चालत चालत बाभूळवाडीच्या बाजूला आली, अन् प्रकाशवर ओरडली,

"पाहून काय राह्यला बे? उजवा पाय धर त्याचा! डावा नको धरू, डाव्याले मी सकायीच तेल चोळलं, निसटन!"