बिनचेनच्या सायकली आणि कंपाउंडरमामा

कंपाउंडरमामांना कुणी काहीही सांगायला गेलं, की ते आधी हातातली वस्तू हलवायचे. बाटली असली तर बाटली, चहाचा कप असला तर कप, काहीच नसलं तर रिकामी मूठ. मग बोलायचे. भिंगारच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांचा दवाखाना होता आणि मामांचं आयुष्य त्याच्या खिडकीमागे गेलेलं. लोक घरून आणलेल्या बाटल्या खिडकीत ठेवायचे. मामा त्या विसळून त्यात लाल औषध भरायचे, डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी बाटलीला डकवायचे आणि "हलवून घ्यायचं बरं का" म्हणून हातात द्यायचे. माणसांबद्दलही त्यांचं हेच मत होतं. "मानूस बी मिक्श्चरवानीच हाय. लई दिवस एका जागी ठिवला की चांगलं ते तळाला बसतं आन वर नुसतं पानी ऱ्हातं."

मी समोरच्या घरात राहायचे. कॉलेज संपलं होतं, लग्नाला मी नाही म्हटलं होतं आणि आमच्या युवक संघटनेची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. मामा मला पत्रकबाई म्हणायचे. माझं प्रत्येक पत्रक मथळ्यापासून तळाच्या नावांपर्यंत वाचणारा भिंगारात तो एकच माणूस होता. वाचून झालं की पट्टी लावून चौकोन पाडायचे आणि त्यात पावडरच्या पुड्या बांधायचे. मी चिडले तर म्हणाले, "कागद जाड असतोय तुमचा. पुडी सुटत न्हाई. आनखी छापा." त्या वर्षी भिंगारमधल्या निम्म्या तापकऱ्यांनी माझ्या मागण्या उशाशी घेऊन झोप काढली असेल.

साल बहात्तरच्या दुष्काळाचं. त्याच वर्षी मामांना लष्कराने मोडीत काढलेल्या सामानाच्या लिलावात जायची दुर्बुद्धी झाली. ढिगावर हँडलं दिसली, तेवढ्यावर त्यांनी बोली लावली आणि हातगाडीवर सायकली घरी आणल्या. दांडी शाबूत, चाकं गोल, सीटसुद्धा कातडी. चेन मात्र एकीलाही नव्हती. त्या काळात चेनी सहज मिळतही नव्हत्या. सगळी गल्ली बघायला आली. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, म्हणाला, "मामा, ह्या काय भिंतीला टेकवून पूजेला ठेवायच्या का?" मामांनी मूठ हलवली. "चेन न्हाई म्हून काय झालं? चाकाला कुठं ठाव हाय चेन न्हाई ती."

त्यांचं परसू घरामागून थेट कोरड्या ओढ्यापर्यंत जायचं. मामांनी एक सायकल काठावरून खाली सोडून दिली. ती ओढ्यात उतरली आणि स्वतःच समोरच्या चढावर निम्मी चढून गेली, मग आडवी पडली. मामा किती तरी वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. मामी, त्यांची बायको, दारातून म्हणाली, "आता हिच्यामागं जेवान बी सुटनार ह्यांचं."

सुटलंच. खाली उतरल्याचा जोर पुढच्या चढाला पुरतो, त्याच्या पुढे पुन्हा उतार दिला तर पुन्हा जोर येईल, एवढं त्यांना त्या ओढ्याने शिकवलं होतं. त्यांनी परसात मातीच्या लाटा घालायला घेतल्या. एक उंचवटा, एक खळगा, पुन्हा उंचवटा. दोन्ही टोकांना वळणं, आणि वळणाची बाहेरची बाजू परातीच्या कडेसारखी उचललेली, म्हणजे सायकल आतल्या आत फिरेल, बाहेर फेकली जाणार नाही. सायकलींची पायडलं त्यांनी सुतळीने आडवी बांधून टाकली, उभं राहायला पायरी झाली. असं काही कुणी कुठे पाहिलेलं नव्हतं. शाळेवरून येणारी पोरं दप्तरासकट कुंपणाला लटकायला लागली.

माझं मात्र डोकं फिरलं. सरळ सांगते, आजही त्या वर्षाबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. पाथर्डी रस्त्याला दुष्काळी कामावर बाया उन्हात खडी फोडत होत्या. तान्ही पोरं बाभळीच्या काट्याखाली फडक्यावर टाकलेली. प्यायला पाणी कधी येईल ते मुकादमालाही माहीत नसायचं. आणि इथे एक शिकलासवरला माणूस मातीच्या टेकड्या करून त्यावर पाणी शिंपडतो. मी पत्रक काढलं. मथळा होता, 'जिल्हा तहानलेला, कंपाउंडर मातीत रमलेला'. मामांनी ते दवाखान्याच्या खिडकीत उभं राहून सगळ्या पेशंटना मोठ्याने वाचून दाखवलं, 'रमलेला'वर थांबून मान डोलावली आणि चौकोन पाडायला घेतले.

संध्याकाळी मला बोलावून त्यांनी परसातलं अर्धं पिंप दाखवलं. पाणी फिकट गुलाबी होतं आणि त्याला पेपरमिंटचा वास येत होता. दवाखान्यातल्या बाटल्या विसळलेलं पाणी ते रोज बादलीने घरी आणत होते. "घ्या, प्या," म्हणाले. "भिंगारच्या सगळ्या रोगांवर एकच घोट." मी पत्रकातला एकही शब्द मागे घेतला नाही. दुसरं पत्रक काढलं नाही, इतकंच.

पण मातीने दगा दिला. मामांनी एका मळ्यातून काळी माती आणली होती. दोन दुपारी ऊन खाल्लं आणि प्रत्येक उंचवट्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. मामा भेगांत पेपरमिंटचं पाणी ओतत बसलेले बघून मामी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काळी माती रानाची. तिनं घर बांधतं का कुनी? धाब्यावर टाकत्यात ती पांढरी आना." मागच्या आळीत एक जुनं मातीचं घर पडलं होतं, त्याच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, पांढऱ्या मातीचा ढीग तसाच होता. मालकाने उचला म्हटलं. मग मामीने गल्लीतल्या बायांना हाक घातली आणि त्या जमीन करायची लाकडी चोपणी घेऊन आल्या. ओळीने उकिडव्या बसल्या आणि ते उंचवटे त्यांनी असे चोपले, की तळहात फिरवला तर पोळपाट वाटावा.

पोरं सायकलींवर झेपावली, तेव्हा मामी आडवी आली. "चोपलं आमी. पयला पाय आमचा."

मामा म्हणाले, "अगं, पडशील."

"तुमी लिलावात पडला, तवा मी काय बोलले का?"

आणि मामी बसली. नऊवारीचा कासोटा घातलेला, दांडीवरून पाय टाकायला तिला काहीच अडचण आली नाही. मामांनी सीटमागे हात लावून एक ढकल दिली आणि मामी पहिला उंचवटा चढली, उतरली, दुसरा चढली, तिसऱ्यावर "अगं आई गंऽ" म्हणाली आणि वळणाच्या परातीत फिरून परत आली. उतरल्यावर पदर सावरून म्हणाली, "पोटातलं पानी हाललं बाई." मामांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. हलवून घ्यायचं हे बायकोने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मी कुंपणाशी उभी होते. मामा जवळ आले. "पत्रकबाई, तुमी?"

"मला वेळ नाही."

"कामावर कशी जाता तुमी? त्या बायांकडं?"

"दादाच्या सायकलवर. मागे बसून."

मामांनी मूठ हलवली. "आन पत्रकात लिवता बाई मानसाच्या बरोबरीची. बरोबरी कॅरेजवर बसून येती व्हय?"

मला झोंबलं ते झोंबलंच. त्यात आठवड्याभरात दादाची डेपोतली पाळी बदलली. तो म्हणाला, "आता सकाळी मला जमायचं नाही." आई म्हणाली, "बरंच झालं. आता घरात बस, लोक काय कमी बोलतात का?" कामाकडे बस वेळेवर जात नव्हती, आणि चालत जाऊन पोहोचेपर्यंत बायांची सुट्टी संपलेली असायची. सावली आणि पाण्याच्या मागणीवर त्यांचे अंगठे घ्यायचं ठरलं होतं, त्या माझी वाट बघत होत्या. मी गेले नाही तर एवढं सगळं पत्रकातच राहणार होतं. दुसऱ्या दिवशी मी मामांच्या परसात जाऊन उभी राहिले.

पहिली अडचण माझी साडी. सुधारलेली बाई म्हणून मी गोल साडी नेसायचे, ती दांडीवरून पाय टाकू देईना. मामी आतून आपलं लुगडं घेऊन आली आणि मला भिंतीआड नेऊन कासोटा घालायला शिकवलं. "एवढं शिकून पाय बांधून ठिवले व्हय गं," म्हणाली.

दुसरी अडचण मी स्वतः. मामा सांगायचे, "खळग्यात जड व्हायचं, टेकाडावर हलकं. खाली दाब, वर सोड. दिवसातून तीन येळा, जेवनानंतर." मी खळग्यात दाबायचे आणि टेकाडावरही दाबायचे. दात-ओठ खाऊन. सायकल माथ्यावर जाऊन उभी राहायची आणि मी आडवी व्हायचे. कुंपणावरची पोरं प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायची. एकदा पडल्या पडल्या मी सायकललाच शिव्या घातल्या. मामा खाली बसून माझं खरचटलेलं कोपर जखमेच्या लाल औषधाने रंगवत म्हणाले, "पोरी, तू टेकाडावर बी भांडतीस. तिथं भांडाया कोन हाय? वर आलीस न्हवं? मग सोड की."

पत्रकबाईवरून मी पोरी झाले होते.

आणि एका संध्याकाळी मी सोडलं. कसं ते सांगता येत नाही. माथ्यावर गुडघे आपोआप सैल पडले आणि सायकल माझ्याखालून पुढे निघून गेल्यासारखी उतरली, खळग्यात मी जड झाले आणि तिने मला पुढच्या टेकाडावर उचलून ठेवलं. चेन नाही, पायडल बांधलेलं, कुणी ढकलत नाही, आणि मी फिरतेय. पेपरमिंटचा वास, पोरांचा कालवा, मामीचं "पदर, पदर बघ" हे सगळं गोल गोल जात होतं. मी हसत होते. त्या वर्षात असं हसल्याचं मला दुसरं आठवत नाही. थांबायचं कसं ते मी विचारलंच नव्हतं, म्हणून थांबलेही नाही.

शेवटी मामांनी हँडल धरून थांबवलं आणि आत गेले. त्यांच्या माजघरातल्या फळीवर रुंद तोंडाची एक काचेची बरणी होती. तिच्यात काळं काहीतरी वेटोळं घालून बसलेलं. पोरांनी विचारलं की मामा सांगायचे, "सापाचं लोनचं हाय." ती बरणी घेऊन ते बाहेर आले, हलवली, झाकण काढलं, रॉकेलचा वास आला, आणि आतून त्यांनी चेन ओढून काढली.

"ही होती तुमच्याकडे?" मी ओरडले. "कधीपासून?"

"तू पयल्यांदा पडलीस तवापासनं. लई खटपट करून मिळाली."

"आणि मी इतके दिवस इथे आपटतेय. बाया वाट बघतायत तिकडे."

"पयल्या दिवशी चेन दिली असती तर त्याच दिवशी तू सडकेला गेली असतीस," मामा चेन फडक्याने पुसत म्हणाले. "आन गाडीखाली न्हाईतर नाल्यात पडून दुसऱ्या दिवशी आईनं कोंडली असती. आता पडलीस तरी घरी बसनार न्हाईस."

मला हे पटलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. माणसाला हवी ती वस्तू दडवून ठेवून त्याचं भलं करणाऱ्यांवर मी पुष्कळ लिहिलंय. पण त्यांनी सुतळी कापली, चेन चढवली, आणि सकाळी मी मामीच्या लुगड्यात पाथर्डी रस्त्याला लागले. कामावर पोहोचले तेव्हा खडी फोडणाऱ्या बाया हातोड्या थांबवून माझ्यामागे बघायला लागल्या. एकीने विचारलं, "मागं कोन न्हाई का, बाई?" म्हटलं, कुणी नाही. "मंग आमी अंगठा देतो," ती म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी पुढे आली. पुढच्या आठवड्यात तिथे पाण्याचे रांजण आले आणि पोरांसाठी पाचटाचा मांडव पडला. ते काय अंगठ्यांनीच झालं असं म्हणत नाही. पण अंगठ्यांशिवाय झालं नसतं.

दुष्काळ सरला तसा डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. मुलाकडे जायचं ठरवलं त्यांनी. मामांना भिंगारात काम उरलं नाही, आणि घर भाड्याचं. ते मामीला घेऊन आपल्या गावी, काष्टीला निघाले. घरमालक परसात खोल्या बांधणार होता. मी लगेच पत्रक लिहायला बसले. मथळासुद्धा झाला होता. मामा दारात येऊन म्हणाले, "पोरी, टेकाड हाय हे. सोड." आणि काष्टीकडे रिकामा परतणारा एक मालट्रक गाठून त्यांनी ती सगळी पांढरी माती त्यात भरली. मामीचं म्हणणं, काष्टीचं धाबं गळतंय आणि चोपलेली माती कोण टाकून जातं का. गल्लीतल्या बायांनी पाट्या उचलल्या, मीही उचलल्या. लाटा भुईसपाट होताना पोरं रडली. मामा ट्रकमध्ये मातीवरच बसून गेले, हातात ती रिकामी बरणी.

मागच्या महिन्यात काष्टीला आमची सभा होती. मी एसटीच्या टपावर सायकल टाकून गेले. मामा थकलेत. गुडघे धरलेत, पण मला बघून मूठ हलवलीच. मामीने शिडी लावून धाबं दाखवलं. थेंब गळत नाही म्हणाली. फक्त धाबं सपाट नाही, त्याला दोन ठिकाणी हलक्या लाटा आल्यात. "सपाट म्हून काय जमतच न्हाई ह्यांना," ती म्हणाली.

चहा झाला. मामांनी विचारलं, "आजून भांडतीस?"

"भांडते."

"लई बेस." थोड्या वेळाने म्हणाले, "चेनीला रॉकेल देत जा."

निघताना त्यांना काठी टेकत दारापर्यंत यायचंच होतं. मी सायकलवर बसले आणि सीटमागे तो ओळखीचा हात लागला. ढकल आता पूर्वीसारखी नव्हती, नुसता स्पर्श होता. पण त्यांच्या घरापासून वाट उताराची आहे. मी खाली जड झाले, वर हलकी झाले, आणि काष्टीच्या बाजारतळापर्यंत मी पायडल मारलं नाही.