रॅम्पवाली मंडळी

मी समितीच्या मीटिंगहून घरी आलो की बायको विचारते, "आज काय ठरलं?" मी सांगायला बसतो. काय ठरलं ते बाजूलाच राहतं आणि कोण काय बोललं तेच सांगत सुटतो. आता तर ती थेटच विचारते, "आज कोण काय बोललं?" असे किस्से इतके साठलेत की काही इथे काढून ठेवतो.

आधी मंडळींची ओळख. अपंग माणसाला शहरात कुठे अडतं ते महापालिकेच्या इंजिनिअर लोकांना सांगायचं, एवढंच आमचं काम. मानधन नाही, चहा असतो. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला कॅलिपर आहे. वत्सलाताई मुलींच्या शाळेत गाणं शिकवून रिटायर झाल्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. सादिक पूर्वी टेम्पो चालवायचा. अपघातात त्याचे दोन्ही पाय लुळे पडले. आता तो व्हीलचेअरवर बसून मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो. आणि आमचं म्हणणं ऐकून घ्यायला नेमलेले इंजिनिअर म्हणजे जगताप साहेब. स्वभावानं अबोल, पण कानानं पक्के. नगरमध्ये आम्हाला कोणी समिती म्हणत नाही. "रॅम्पवाली मंडळी आली," म्हणतात.

* * *

पहिली मीटिंग एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ठेवली होती. लिफ्ट बंद. वत्सलाताई वर जाऊ शकल्या असत्या, मीही कठडा धरून कसाबसा गेलो असतो, पण सादिकचं काय?

दोन शिपाई धावत आले. माणसं भली. त्यांनी सादिकला खुर्चीसकट उचलून वर न्यायची तयारी केली. एकानं तर बाह्यासुद्धा सरसावल्या. सादिकनं त्यांना हात जोडले आणि शांतपणे म्हणाला, "मला नका उचलू. मीटिंग उचलून खाली आणा, ती हलकी असती."

वरून जिन्यातून जगताप साहेब हे ऐकत होते. ते तसेच खाली आले, पार्किंगमधल्या कडुलिंबाखाली एका मोपेडवर बसले आणि म्हणाले, "करा सुरू."

पुढे लिफ्ट दुरुस्त झाली. आमची मीटिंग मात्र अजून लिंबाखालीच भरते. वारं छान लागतं.

* * *

एका रस्त्याच्या फुटपाथवर पिवळ्या खडबडीत फरशांची पट्टी बसवली. ज्यांना दिसत नाही त्यांनी पायानं किंवा काठीनं ती चाचपत सरळ चालायचं. तपासायला अर्थातच वत्सलाताई. त्या पुढे, आम्ही मागे.

बराच वेळ सगळं ठीक चाललं. मग पट्टी एकाएकी वळली, मोठा गोल घेऊन पुन्हा सरळ झाली. वत्सलाताई थांबल्या. "इथं रस्ता वळतो का?" त्यांनी विचारलं.

समोरून उत्तर आलं, "न्हाई ताई, रस्ता सरळ हाय. माझा गाडा मदी हाय."

तो उसाच्या रसाचा गाडा होता. वर्षानुवर्षं तिथेच उभा. फरशा बसवणाऱ्या गवंड्यानं तो हलवायला लावण्यापेक्षा त्याला वळसाच घातला होता. रसवाल्याचा चेहरा पडला. आता आपला गाडा उठवणार, हे त्याच्या लक्षात आलं. ताईंनी आधी रस मागवला. आलं-लिंबू घालून, बर्फ न घालता. ग्लास रिकामा करून म्हणाल्या, "रस चांगला आहे. जागा चुकली आहे. शेजारच्या कोपऱ्यावर उभा राहिलास तर मी रोज येईन."

पुढच्या आठवड्यात गाडा कोपऱ्यावर गेला. फरशा सरळ करायला मात्र फार दिवस गेले. तोवर नसलेल्या गाड्याला वळसा घालणारी ती पट्टी तशीच होती आणि आतल्या रिकाम्या जागेत एक कुत्रं झोपायचं.

* * *

एका मिसळवाल्याला दारातल्या पायरीवर रॅम्प करायला सांगितलं, तर तो आमच्यावर चांगलाच उखडला. त्याच्या मते त्याच्याकडे कोणी अपंग येतच नव्हतं. सादिक पायरीखालीच थांबला होता. "मी आलोय की," तो म्हणाला. "बाहेर बसून खाऊ का?"

मालकानं कुरकुरत रॅम्प केला. महिनाभरानं आम्ही मुद्दाम मिसळ खायला गेलो. रॅम्पवरून गॅसवाला सिलेंडर घरंगळवत आत नेत होता, मागून दूधवाला कॅन ओढत होता, आणि गुडघे धरून चालणाऱ्या एक आजीबाई त्या दोघांना बाजूला व्हायला सांगत होत्या. सादिकला आत जायला रांगेत थांबावं लागलं.

* * *

हा पुढचा किस्सा हसायचा नाही, पण सांगायला हवा.

अपंगत्वाचे दाखले मिळतात अशा एका ठिकाणी आम्ही पाहणीला गेलो होतो. कोल्हारकडची एक बाई तिथे मुलीला घेऊन बसली होती. मुलगी विशीतली, व्हीलचेअरवर. ऊन मी म्हणत होतं. वत्सलाताईंनी आपली पाण्याची बाटली पुढे केली, तर आईनं मुलीचा हात हळूच मागे ओढला.

"तिला नगं ताई," ती म्हणाली. "नगरला यायचं असलं की आदल्या रातीपास्नं आमी तिला पानी देत न्हाई. मंग अडत न्हाई."

काय अडत नाही, ते विचारायची गरज नव्हती. अपंगांसाठीचं स्वच्छतागृह समोरच होतं. नवं, मोठ्या दाराचं, आणि कुलूप लावलेलं. चावी कोणाकडे, तर ज्यांच्याकडे असते ते रजेवर. कुलूप कशासाठी, तर आत घाण होऊ नये म्हणून.

जगताप साहेब तडक निघाले. बाहेर गेले, बांधकामाच्या ढिगातून एक दगड उचलून आणला आणि ते कुलूप तोडलं. दोन-तीन घाव लागले. लोक बघत राहिले. मग ते त्या मुलीच्या आईला म्हणाले, "आता पाणी द्या तिला."

मुलीनं बाटली तोंडाला लावली ती खाली ठेवलीच नाही. वत्सलाताईंना ते दिसत नव्हतं, पण घोटांचा आवाज त्या ऐकत होत्या.  

* * *

जागृतीसाठी म्हणून एकदा कार्यक्रम झाला. अधिकाऱ्यांनी डोळ्याला पट्टी बांधून बाजारातून चालायचं. जगताप साहेबांना पट्टी बांधली आणि त्यांचा हात वत्सलाताईंच्या खांद्यावर ठेवला.

कापडबाजारात ऐन गर्दीची वेळ. ताई झपाझप निघाल्या, साहेब मागून फरफटत. अत्तराच्या दुकानाशी डावीकडे, पितळेच्या भांड्यांची खणखण आली की सावकाश, असं त्या सांगत होत्या. साहेबांनी त्यांचा खांदा असा घट्ट धरला होता की ताईंना शेवटी "जरा हलकं धरा" म्हणावं लागलं.

पट्टी सोडली तेव्हा साहेब घामानं निथळत होते. अगदी मनापासून म्हणाले, "ताई, आज मला कळलं तुमचं जगणं कसं असतं."

"नाही हो," ताई म्हणाल्या. "तुम्हाला फक्त घाबरणं कळलं. जगणं कळायला आणखी पुष्कळ दिवस पट्टी बांधावी लागेल. मी काय घाबरत जगते होय?"

साहेब लाजले. पण ते वाक्य त्यांनी पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगितलं, ताईंचं नाव घेऊन.

* * *

शेवटचा किस्सा साहेबांच्याच घरचा.

मागच्या दिवाळीत त्यांनी आम्हाला फराळाला बोलावलं. सावेडीत छोटा बंगला, पुढे अंगण. घराला ओटा आहे आणि ओट्याला पायऱ्या, त्यामुळे सादिक अंगणातच थांबला. साहेब ओशाळले, खुर्च्या बाहेर काढल्या, आणि आम्ही सगळेच अंगणात बसलो. खाली एक मोठी खोली होती, रस्त्याच्या बाजूची, भरपूर उजेडाची. ते साहेबांचं घरचं ऑफिस. टेबलावर कॉम्प्युटर आणि शहरभरच्या रॅम्पच्या नकाशांच्या गुंडाळ्या.

वरच्या गॅलरीत साहेबांच्या आई बसल्या होत्या. अर्धांगाचा झटका येऊन गेला तेव्हापासून त्या वरच्याच खोलीत असतात, असं साहेबांच्या पत्नीनं सांगितलं. आजींना वरून आम्ही नीट दिसत होतो. त्यांनी जराशा जड जिभेनं सादिकला हाक मारली.

"पोरा, सगळ्यांचा पाहुनचार झाला. तू वर न्हाई आला मला भेटाया?"

सादिकनं मान वर करून नमस्कार केला. "कसा येऊ आजी? पायऱ्या हाईत."

आजी हसल्या.

"तुमीच या की खाली," सादिक म्हणाला. "दिवाळी हाय."

"कशी येऊ?" आजी म्हणाल्या. "पायऱ्या हाईत."

दोघंही खूप हसले. आम्हीही हसलो. हसू ओसरलं तेव्हा जगताप साहेबांची खुर्ची रिकामी होती. ते खालच्या खोलीत होते. नकाशांच्या गुंडाळ्या दोन्ही हातांत कवटाळून ते बाहेर आले आणि जिना चढायला लागले. त्या आईच्या खोलीत ठेवून पुन्हा खाली आले, कॉम्प्युटरच्या वायरी काढायला लागले.

पत्नीनं विचारलं, "अहो, हे काय काढलंत आत्ता?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "त्यांना चहा दे. गार होतोय."