जुन्या कपड्यांची एर्सिलिया

इटलीत नापोलीजवळ, पुल्यानोच्या उतारावरच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात सकाळी गासड्या फुटायच्या तेव्हा जवळ उभं राहणं म्हणजे हातपाय मोडून घेणं. लोखंडी पट्टी कापली की अमेरिकेतून दाबून दाबून भरून आलेले कोट, झगे, स्वेटर फुगून बाहेर यायचे, डांबरगोळ्यांचा वास थेट चर्चच्या दारापर्यंत जायचा, आणि बायका अशा तुटून पडायच्या की एकाच कोटाची एक बाही एकीच्या हातात आणि दुसरी दुसरीच्या. एर्सिलिया मात्र हाताची घडी घालून मागे उभी असायची. सगळ्यांचे हात भरले, एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला, की मग ती पुढे व्हायची आणि बाकीच्यांनी फेकलेल्या ढिगात हात घालायची.

त्या ढिगातून तिने काय काय काढलं त्याची पुल्यानोत अजून आठवण निघते. मळकट गाऊन वाटावा असं काहीतरी सोड्याच्या पाण्यात दोन दिवस भिजवलं आणि त्यातून मोरपंखी रेशीम वर आलं. वाळवी लागल्यासारख्या दिसणाऱ्या एका बॅगेला तिने तेल चोळलं, आतलं अस्तर बदललं, आणि ती बॅग नापोलीहून आलेल्या एका वकिलाच्या बायकोने काळा चष्मा न काढता घेतली. "माझ्या कामवालीसाठी हवी आहे," असं म्हणून. एर्सिलिया म्हणाली, "नशीबवान आहे हो तुमची कामवाली. तिला सांगा, कडी जपून लावायची." पुढच्या महिन्यात तीच बाई तीच बॅग खांद्याला लावून परत आली, तेव्हा एर्सिलियाने कामवालीची चौकशी केली नाही. बोलायचं कुठे आणि गिळायचं कुठे, हे तिला चांगलं कळत होतं.

पण ते गिळणं फक्त माणसांच्या बाबतीत. कपड्यांच्या बाबतीत बाई मुलखाची फटकळ. गिऱ्हाईक आलं की ती माप विचारत नसे. "जरा त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन ये," म्हणायची. चालताना खांदा कुठे पडतो, मान कशी राहते, हात कुठे लपवावेसे वाटतात, एवढं बघितलं की ती मागे वळून एक हँगर काढायची, आणि नव्वद टक्के वेळा तोच कपडा त्या बाईच्या अंगावर घरी जायचा. उरलेल्या वेळी ती बाई दुसराच काहीतरी पसंत करून हट्टाला पेटलेली असायची.

"दोन्ना एर्सिलिया, मला हिरवाच हवाय."

"हिरवा चांगलाच आहे. पण तुझ्याशी भांडतोय तो."

"भांडू दे, पैसे मी देणार आहे ना?"

"म्हणूनच सांगते. पैसे देऊन भांडण कशाला घरी नेतेस? घरात नवरा आहे ना?"

शेजारच्या दुकानात चामड्याचे पट्टे विकणारा लिबोरिओ हे ऐकून डोक्याला हात लावायचा. "तू विकायला बसलीस की हाकलायला? तुझ्या जागी मी असतो तर त्या बाईला हिरवा विकला असता, वर हिरवा पट्टा विकला असता, आणि जाताना डोळे मिटून म्हटलं असतं, साक्षात परी!"

"आणि परी पुन्हा तुझ्याकडे आली असती का?"

"कशाला यायला हवी? जगात बायका कमी आहेत?"

असं म्हणणाऱ्या लिबोरिओने स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याचे कपडे मात्र एर्सिलियाकडूनच घेतले, आणि तिने नाही म्हटलेला एकही घेतला नाही.

आता एवढ्या गुणी बाईच्या घरात सगळ्यात झोकात कोण वावरत असणार? तिची एकुलती एक मुलगी, नीवेस. लहानपणी नीवेस शाळेत निघाली की उतारावरच्या बायका कामं सोडून बघायच्या. काचेची बटणं लावलेला कोट, हाताने विणलेली कॉलर, मोज्यांना जुळणारी टोपी. कोळशाच्या गाडीवर काम करणाऱ्या एर्सिलियाच्या नवऱ्याची, अनिएल्लोची, ही लेक आहे, असं सांगूनही कुणाला पटलं नसतं. आणि घरातून निघताना पोर रोज दारात गिरकी घेऊन विचारायची, "मम्मा, कसं दिसतंय?" एर्सिलिया तिलाही सोडायची नाही. "टोपी जरा मागे. हं, आता जा."

मग तो निळा कोट आला. बाहेरून आलेल्या कपड्यांच्या कॉलरीत पुष्कळदा आधीच्या मालकिणीचं नाव शिवलेलं असतं. एर्सिलिया सगळ्यात आधी ते उसवायची, तो तिचा नेम होता. त्या कोटात मात्र नाव दोन ठिकाणी होतं. कॉलरीतलं निघालं, खिशाच्या आत राहिलं. वर्गात कोट खुंटीवर उलटा टांगला गेला, कुणीतरी वाचलं, आणि शाळा संपेपर्यंत सगळा वर्ग नीवेसला 'पेग्गी' म्हणत राहिला. "पेग्गी, तुझी अमेरिकेतली आई काय म्हणते?" "पेग्गी, तिला कळलंय का तू तिचा कोट घातलास ते?" मुली गोड बोलून जे करतात ते मुलांना मारामारी करूनही जमत नाही.

नीवेस घरी येऊन रडली नाही, भांडलीही नाही. फक्त त्या दिवसापासून तिने दारात गिरकी घेणं बंद केलं. आईने दिलेला कपडा आधी उलटा करून, शिवणी चाचपून, मगच अंगात घालायची. आणि थोडी मोठी झाल्यावर तेही बंद. नापोलीत एका चांगल्या दुकानात तिला नोकरी लागली. तिथे कपडे पातळ कागदात गुंडाळून खोक्यातून येत, आणि त्यांच्यात आपल्याआधी कुणी श्वास घेतलेला नसे. 'घरचा कपड्यांचा धंदा आहे,' एवढंच तिने तिथे सांगितलं होतं. एर्सिलियाच्या कानावर ते आलं. ती म्हणाली, "मग खोटं काय बोलली? आहेच की कपड्यांचा धंदा." पण अख्ख्या गावाच्या बायका जिला विचारल्याशिवाय रुमाल घेत नव्हत्या, तिला तिची स्वतःची मुलगी विचारत नव्हती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तिला दुसरं काही नको होतं. नीवेसने एकदा, फक्त एकदा, पुन्हा विचारावं, 'मम्मा, कसं दिसतंय?' एवढंच.

नीवेसचं लग्न ठरलं ते फुलांच्या मळ्यात काम करणाऱ्या कातेल्लोशी. मुलगा सरळ होता, आणि कपड्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणजे एर्सिलियाच्या मते मोठंच स्थळ. तिने कपाटाच्या तळातून एक पुडकं काढलं. हस्तिदंती रंगाचा, जड रेशमाचा झगा. एका गासडीच्या अगदी तळाशी सापडलेला, आणि नीवेस परकरातून बाहेर यायच्या आधीपासून तिच्या नावाने ठेवलेला. तिने तो पलंगावर पसरला. नीवेसने हात लावला, मान्य केलं की सुंदर आहे, आणि मग हळूच म्हणाली, "मम्मा, राग मानू नकोस. माझ्या लग्नात माझ्याआधी कुणी घातलेलं नको."

"नको तर नको," एर्सिलिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो झगा दुकानाच्या दर्शनी हँगरवर टांगलेला होता. तोर्रेहून आलेली एक लाजरीबुजरी मुलगी आली, कोपऱ्यापर्यंत चालून आली, आणि झगा तिला असा बसला की आजूबाजूच्या चार बायकांचे डोळे भरून आले. एर्सिलियाने घासाघीस न करता दिला. लिबोरिओ तोंडाळ खरा, पण त्या दिवशी तो स्वतः जाऊन तिच्यासाठी कॉफी घेऊन आला.

नीवेसने आपल्या दुकानातून नवा कोरा झगा घेतला. मोठ्या खोक्यातून आला, खोक्यातच राहिला. बघायला एर्सिलियाला बोलावलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

लग्नाच्या सकाळी घर बायकांनी गच्च भरलं. साखरेचे बदाम, कॉफीचे कप, केसाच्या पिना, सगळं एकमेकांत मिसळलेलं. आरशावर चादर टाकलेली होती. पूर्ण सजलेल्या नवरीने चर्चला जाण्याआधी आरशात पाहिलं तर अपशकुन होतो, हे पुल्यानोत दूधपित्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे त्या सकाळी नवरीला स्वतःचं रूप कळायचं ते दुसऱ्यांच्या तोंडून. आणि तोंडं काय कमी होती? आतून नीवेस बाहेर आली तशी राकेलेमावशीने छाती धरली. "अगं बाई! मॅडोनाच उतरली!" मागोमाग सगळ्या रडायला लागल्या. राकेलेमावशी तर शेजाऱ्यांच्या बकरीला पिल्लू झालं तेव्हाही अशीच रडली होती.

नीवेस एकेकीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "सगळ्या जरा बाहेर जा. मम्मा, तू थांब."

दार लागलं. खाली अनिएल्लोने उसनी आणलेली गाडी येऊन उभी राहिली होती, तिचा हॉर्न वाजला.

"मम्मा," नीवेस म्हणाली, "कसं दिसतंय?"

इतकी वर्षं वाट बघितलेला प्रश्न, आणि आला तो असा. त्या वर्षी फुगीर बाह्यांची साथ आली होती. नीवेसच्या दोन्ही खांद्यांवर कलिंगडाएवढे फुगे होते, त्यांना झालर, झालरीला मोती, आणि पाठीवर रिबिनीचा हा एवढा बो. तिची ती लांब, देखणी मान, जी आईने तिच्या जन्मापासून जपली होती, ती कुठे गेली तेच कळत नव्हतं. कापड उत्तम होतं. पण पोरगी त्यात बुडाली होती.

'छान' म्हणायला किती वेळ लागतो? लिबोरिओने डोळे मिटून म्हटलं असतं. नाही म्हणावं, तर पोर पुन्हा जन्मात विचारायची नाही.  आयुष्यात पहिल्यांदा एर्सिलियाने गिऱ्हाइकाला उत्तर द्यायच्या आधी विचार केला.

"बाह्या तुझ्या नाहीत," ती म्हणाली. "आणि तो बोसुद्धा."

नीवेस पलंगावर बसली. झगा तिच्याभोवती फसफसून वर आला. "आजच्या दिवस तरी खोटं बोलायचं होतंस गं."

"तुझ्याशी? आणि आज?"

"दुकानात सगळ्या म्हणाल्या छान आहे. मालकीणबाई म्हणाल्या, मी पण म्हणाले." तिने बोटाने एक मोती ओढला. "तुला नेलं असतं तर तू हेच बोलली असतीस. म्हणूनच नाही नेलं."

खालून पुन्हा हॉर्न. बाहेरून राकेलेमावशीचा आवाज, "अगं, पाद्री म्हातारा आहे, तिष्ठत ठेवू नका त्याला!"

"उतरवा गं त्या पोराला गाडीतून खाली," एर्सिलिया ओरडली, "म्हणजे हॉर्न तरी बंद होईल!" पोर म्हणजे अनिएल्लो, तिचा स्वतःचा नवरा.

नीवेसला हसू आलं. हसता हसता डोळे पुसले, उठून उभी राहिली, आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री काढली आणि मूठ तिच्याकडे करून पुढे धरली.

"काप."

"अगं, नवा आहे. कोरा आहे. कापलं की परत जोडता येत नाही."

"मम्मा, काप म्हणते ना."

एर्सिलियाने उभ्या जन्मात हजारो कपडे उसवले, पण ते सगळे कुणीतरी टाकून दिलेले. चुकलं तर पोतेरं करायचं, एवढंच. हा तिच्या मुलीने स्वतः निवडलेला, स्वतःच्या पगारातून घेतलेला. तिने एकदा हात पोटावर स्वतःच्या कपड्याला पुसला, आणि पहिला टाका तोडला. एकदा कात्री चालायला लागल्यावर मात्र ती थांबली नाही. फुगे गेले, झालर गेली, आतून निघालेली साधी बाही तिने खांद्यापाशी आवळून धरली आणि अंगावरच टाके घातले. बो काढून त्याच्या खुणेवरून सपाट पट्टी फिरवली. नीवेस श्वास रोखून उभी होती. लहानपणी कोटाची बटणं लावून घेताना उभी राहायची, तशीच ताठ. शेवटचा दोरा एर्सिलियाने दाताने तोडला आणि ती भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकली.

मान दिसत होती. आता ती मुलगी आधी दिसत होती आणि झगा नंतर.

"झालं," ती म्हणाली. मग दुकानात बोलते तसं, "थांब, एक सँडल काढ. चादर उचलते, बघून घे. एक सँडल काढली की पूर्ण सजलेली धरत नाहीत, अपशकुन लागत नाही. माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस, तुझ्या डोळ्यांनी बघ."

नीवेसने आरशावरच्या चादरीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं.

"तू बघितलंस ना?"

"मी तर बघितलं, पण..."

"मग झालं." तिने आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, दार उघडलं, आणि दोन्ही सँडल पायात तशाच ठेवून खट खट जिना उतरून गेली.  बाहेर उभी राकेलेमावशीसुद्धा रडायची विसरली.

एर्सिलिया खोलीत एकटीच उभी राहिली, पायाशी पांढऱ्या कापडाचा ढीग आणि हातात कात्री. खालून अनिएल्लोने पुन्हा हॉर्न वाजवला, लांबलचक, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण अजून स्वयंपाकघरातल्या झग्यातच आहोत.