आतड्याचा वॉचमन

माझी मावशी औषधांच्या प्रयोगशाळेत उंदरांची आतडी उलटी करायची. उशीचा अभ्रा उलटा करावा तशी, काचेच्या कांडीवर. मग ती औषधाच्या पाण्यात बुडवून किती औषध आत शिरलं ते मोजायची. आणि घरी आम्ही जेवायला बसलो की नेमकं तेच रंगवून सांगायची.

"आतड्याचा वॉचमन महामूर्ख," ती म्हणायची. "प्रथिनाच्या माळेतले दोन-तीन मणी जोडीने आले की हा बिनबोभाट आत सोडतो. म्हणून जे औषध एकटं धड आत जात नाही, त्याला आम्ही तसला एक मणी चिकटवतो. जोडी दिसली की हा दार उघडतो, गाढव!"

असलंच एक गाढव तिला तरुणपणी भेटलं होतं, घरमालकाच्या रूपात. एकट्या बाईला खोली देणार नाही म्हणाला. मावशीचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला नवरा म्हणून पुढे केलं. मालक विरघळला, किल्ली दिली, वर चहाही पाजला.

तो सहकारी म्हणजे आमचे काका. त्या रात्री जेवण उरकून ते सोफ्यावर घोरत होते.

"मावशी, आत गेल्यावर त्या चिकटवलेल्या मण्याचं काय होतं गं?" मी विचारलं.

"शरीर तोडून टाकतं. काम झालं, चल फूट!"

तिने काकांच्या नाकावरून घसरलेला चष्मा अलगद काढून ठेवला.

"माझाच मेला तेवढा तोडायचा राहून गेला."