पहिलं सीताफळ

दाभोशाहून मी निघालो तेव्हा अंगणातलं सीताफळाचं रोप गुडघ्याएवढं होतं. बी मीच टोचली होती, जव्हारच्या शाळेतून येताना वाटेत खाल्लेल्या फळाची. मोखाड्याकडे जाणारी बैलगाडी दारात उभी होती आणि मी आपला रोपाला तांब्याभर पाणी घालत होतो. आई म्हणाली, "जा तू. याला पयलं फळ लागल ना, ते तुझेच हातानं उतरवायचं. तवर घरात कोन नाय चाखनार."

आमच्याकडे नवा भात, नवी नागली देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. झाडाचं पहिलं फळ मात्र ज्याने झाड लावलं त्यानेच उतरवायचं. हे काही मला नवीन नव्हतं, पण गाडी वळणावर गेली आणि मी ते विसरलो.

नाशकात छापखान्यात लागलो. टाइप, प्रूफ, फोरमन, रजा हे शब्द तोंडात बसले. चौथ्या वर्षी आईने गुरुजींकडून कार्ड लिहवून घेतलं, झाडाला फळ लागलंय, येऊन जा. दिवाळीच्या तोंडावर कामाची घाई होती. मी कळवलं, रजा नाही. तेव्हा ते खरं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा कार्ड आलं. त्या वेळी मला चार दिवस रजा मिळाली होती. नाशकात नाटक कंपनी उतरली होती, रजा तिकडे गेली, आणि घरी मी तेच लिहिलं, रजा नाही. इतकी वर्षं हे कुणाला बोललो नाही.

'माझी वाट न पाहता खा' एवढं लिहायला काय लागत होतं? पण मला वाटलं, खात असतीलच की.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आई गेल्याचं कार्ड आलं. पोचलो तेव्हा दहावा होता आणि झाडावर पान नव्हतं. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, दोन वरसं फळं पिकून खाली पडली, पाखरांनी खाल्ली. मी एकदा हात लावला तर आईनं मारलं. म्हने, दादा येल. तिनं सोता चव पन नाय घेतली."

त्या दसऱ्याला मात्र मी गेलो. फळ उतरवलं, देवापुढे ठेवलं. बहिणीने खाल्लं. बानं खाल्लं, "गोड हाय" म्हणाला आणि धोतराला हात पुसले. माझा वाटा मी बहिणीला दिला.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही विचारता, आता तुझं घर कोणतं? नाशकात माझ्या परसातही सीताफळ आहे. मीच लावलंय. मुलांना सांगून ठेवलं होतं, पहिलं फळ ज्याला दिसेल त्याने खावं, माझ्यासाठी थांबायचं नाही. परवा कामावरून आलो तर दारात साल आणि बिया पडल्या होत्या. त्यांनी माझं ऐकलं होतं. मी बिया गोळा करत तिथेच बराच वेळ बसून राहिलो.