मुलीच्या कादंबरीतला सौदागर

माझ्या मुलीच्या पहिल्या कादंबरीत एक राक्षस आहे, आणि तो मी आहे. हे मला कुणी येऊन सांगितलं नाही. मी स्वतःच वाचलं, माझ्याच दुकानात, भर दुपारी.

वऱ्हाडातून पुण्यात आलो तेव्हा मी लोकांची कपाटं पाठीवरून जिन्याने उतरवत होतो. आज वाघोलीत माझं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. पेठांमधली एखादी इमारत पाडून नवी बांधायची ठरली की तिथल्या बिऱ्हाडांचा माल मी उचलतो आणि खराडीत नोकरीला आलेल्या पोरांना विकतो. मला कुणी धंदा शिकवला नाही. कुणाच्या ओळखीवर इथवर आलो नाही. हे सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात सगळ्यांनी मला अडाणी धरलं.

मुलगी तेव्हा सतरा पूर्ण झालेली. तिने लहान मुलांसाठी म्हणून एक अद्भुत कादंबरी लिहिली होती आणि सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशनाने ती घेतली होती. वय कमी म्हणून करारावर पालकाची सही हवी होती. तिने करार आणि टाईप केलेल्या पानांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

"बाबा, सही करण्याआधी वाचा. पण शेवटपर्यंत वाचा."

कपाट विकत घेताना मी सगळे खण उघडत नाही. मधला एक ओढतो. तो कसा सरकतो, कुठे अडतो, यावरून अख्खं कपाट कळतं. वीस वर्षांत माझा अंदाज क्वचित चुकला असेल. तो गठ्ठाही मी तसाच मधोमध उघडला.

गोष्ट नऊ वर्षांच्या मुलीची होती. तिच्या धाकट्या भावाचा आवाज हरवतो. तो शोधायला ती सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून खाली उतरते. खाली एक बाजार आहे. वरच्या शहरात हरवलेलं सगळं तिथे विकायला असतं, माणसांचे आवाज, झोप, घरांचे वास. त्या बाजाराचा मालक म्हणजे सौदागर. वस्तू हातात घेतली की तो तिच्यावरून अंगठा घासतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "ह्याला कोण विचारतंय आता?" मी उघडलेल्या पानावर एक म्हातारी त्याला आपल्या मेलेल्या नवऱ्याचं हसू विकायला आली होती. सौदागर त्या हसण्याला इतकी नावं ठेवतो की शेवटी म्हातारी रडत म्हणते, "घेऊन जा फुकट, पण आता बोलू नका."

ती म्हातारी मी ओळखली. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरून मी सागवानी टेबल आणलं होतं, तिच्या मिस्टरांचं. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, सुट्टी म्हणून माझ्याबरोबर आलेली. मला वाटलं होतं ती टेम्पोत बसून चिप्स खातेय. ती दारात उभी होती तर. टेबलाला नावं मी ठेवली, खरं आहे. जी वस्तू आवडते तिला नावं ठेवल्याशिवाय घ्यायची नसते. आणि ते टेबल मी विकलं नाही, मुलीच्या खोलीत ठेवलं. हे सगळं पुस्तक तिने त्याच टेबलावर लिहिलं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या विचारलं, "हा सौदागर कोण?"

"राक्षस आहे, बाबा. गोष्टीतला."

"माझा अंगठा लावलास त्याला. माझं वाक्य घातलंस त्याच्या तोंडात."

"शेवटपर्यंत वाचलंत?"

"मला एवढं पुरे. तो काढ, मी सही करतो."

बायको म्हणाली, "अहो, पोरीचं पहिलं पुस्तक आहे, घ्या ना जरा समजून."

"तू मधे पडू नको. तुला नाही राक्षस केलं तिने."

दोन दिवसांनी संपादक बाईंनी आम्हाला बोलावलं. पंख्याखाली पुस्तकांचे ढीग आणि पाहुण्याला एकच खुर्ची. मुलगी बसली, मी उभा राहिलो.

"आपल्याला पुस्तकात काय खटकलं?" बाईंनी विचारलं.

"सौदागर. तो काढा."

"तो काढला तर एक मुलगी आणि एक पाण्याची टाकी उरेल. ते आम्ही नाही छापत."

"निदान अंगठा काढा. म्हातारी काढा."

"हे पुस्तक आहे हो. सोफासेट नाही, हा हात काढा, तो पाय काढा म्हणायला."

मुलगी हसली. फार नाही, ओठाच्या कोपऱ्यात. पण हसली.

"मग सही नाही," मी म्हणालो आणि निघालो. बाजारात उठून चालू लागलेल्या माणसाला पायरी उतरायच्या आत हाक येते. मी आयुष्यभर अशा हाका मारून घेतल्या आहेत. जिना सावकाश उतरलो. खाली स्कूटरपाशी उभा राहिलो. हाक आली नाही. बऱ्याच वेळाने मुलगी खाली आली आणि मागच्या सीटवर बसली.

"काय म्हणाल्या?"

"चार महिन्यांनी मला अठरा पूर्ण होतात. तोवर थांबू म्हणाल्या."

ते चार महिने मी तिला सुखाने काढू दिले नाहीत. जेवताना म्हणायचो, "वाढा, राक्षसाला भूक लागलीये." पाहुण्यांना सांगायचो, "आमच्याकडे लेखिका आहे, बापाची लाज छापून मोठी होणार." तिचे डोळे भरले की मला बरं वाटायचं, हेही लिहून टाकतो. एकदा ती कॉलेजला गेलेली असताना मी ते सागवानी टेबल काढलं आणि खराडीच्या एका पोराला देऊन टाकलं. ती परत आली तेव्हा तिच्या वह्या जमिनीवर एकावर एक लावलेल्या होत्या. तिने त्या उचलल्या आणि पलंगावर मांडी घालून लिहायला लागली. ती ओरडली असती तर मी टेबल परत आणलं असतं. खरंच आणलं असतं.

अठरा पूर्ण झाले, तिने सही केली आणि पेठेत कॉटबेसिसवर राहायला गेली. पुस्तक आलं ते बायकोच्या हाती दिलं, माझ्या नाही. या वेळी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. शेवटी ती नऊ वर्षांची मुलगी सौदागराला फसवून भावाचा आवाज घेते, टाकीचं झाकण वरून बंद करते आणि तो अंधारात ओरडत राहतो.

"असा शेवट केला होय," बायको म्हणाली. "मी ती टाईप केलेली पानं वाचली तेव्हा असं नव्हतं."

"कसं होतं?"

"पोरीचा पाय मोडतो. मग तो सौदागरच तिला पाठीवर घेऊन वर येतो. कुरकुरत, पायऱ्यांना शिव्या घालत. लिफ्ट बंद होती तेव्हा तुम्ही आपल्या पोरीला चार मजले चढवून आणलं होतं ना, प्लास्टर घातलं होतं तेव्हा, अगदी तसं. वाचून मी रडले होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकत होता?"

दुसऱ्या दिवशी मी पेठेत गेलो. मुलगी खाली आली, केस ओले, हातात पुस्तकं.

"ते पाठीवरचं प्रकरण कुठे गेलं? बाईंनी काढलं का?"

"त्यांना ठेवायचं होतं. मी काढलं."

"का?"

"खोटं वाटायला लागलं."

"खोटं कसं? चार मजले आणलं होतं मी तुला. मधे एकदा टेकवलंही नाही."

"हो, बाबा. माझ्या लक्षात आहे." तिने पुस्तकं या हातातून त्या हातात घेतली. "पण वाचणाऱ्याला पटलं नसतं."

"लेक्चर आहे," म्हणाली आणि गर्दीतून चालत निघून गेली. मी स्कूटरला टेकून तिथेच उभा राहिलो. तिला हाक मारायचं माझ्या मनात आलं. पण हाक मारून देणार काय, ते ठरेपर्यंत ती दिसेनाशी झाली होती.